कोणाच्या तरी फावल्या वेळावर चालणारे जाळे

२०२२च्या नोव्हेंबरमधल्या एका रात्री मी मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या समाजमाध्यमावर माझ्या सर्व्हरच्या ॲडमिनला, म्हणजे तो चालवणाऱ्या व्यक्तीला, बऱ्याच रागाने विचारले होते की, माझ्या पोस्ट लोकांपर्यंत तीन-तीन तास उशिरा का पोहोचत आहेत. उत्तर पंधरा मिनिटांत आले. पाठवायच्या कामांची रांग प्रचंड तुंबली आहे, दिवसभराची नोकरी करून घरी आल्यापासून मी ती हलती ठेवण्याच्याच खटपटीत आहे, थोडा धीर धरावा, असे त्या गृहस्थांनी लिहिले होते. उत्तरात कुठेही चीड नव्हती. मी घड्याळात पाहिले तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते, आणि ज्यांना मी जाब विचारत होते त्यांना या कामाचे कोणीही एक पैसा देत नव्हते, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट उमगले.

त्या दिवसांत हे जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर घडत होते. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत मॅस्टोडॉनच्या मासिक सक्रिय वापरकर्त्यांची संख्या सुमारे तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेली. एखाद्या कंपनीवर असा भार आला असता तर तिने यंत्रे वाढवली असती आणि माणसे नेमली असती. इथे हा भार हजारो वेगवेगळ्या सर्व्हरवर विखुरला गेला, आणि त्यांपैकी बहुतेकांमागे एखादी व्यक्ती किंवा दोन-चार मित्रांचा गट होता. त्या रात्रीनंतर मी हे जाळे चालते तरी कसे, हे समजून घ्यायला लागले, आणि पुढे एका लहान सर्व्हरवर आठ महिने मॉडरेटर म्हणून, म्हणजे आलेल्या तक्रारी तपासून निर्णय घेण्याच्या कामात, हातभारही लावला. अशा जाळ्यावर आपण केलेली प्रत्येक लहानसहान कृती अखेर कोणाच्या यंत्रावर आणि कोणाच्या वेळेवर जाऊन पडते, हे वापरणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, असे माझे त्यातून पक्के मत झाले आहे.

ज्यांना या जाळ्याची रचना परिचित नाही, त्यांनी ईमेल डोळ्यांसमोर आणावा. तुमचे खाते एका सेवेवर असते, माझे दुसऱ्या सेवेवर, तरीही आपला पत्रव्यवहार होतो, कारण दोन्ही सेवा एकच नियमावली पाळतात. अशा एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरच्या जाळ्याला फेडिव्हर्स म्हणतात, आणि त्याची अशी नियमावली म्हणजे ॲक्टिव्हिटीपब, जिला वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने जानेवारी २०१८मध्ये शिफारशीचा दर्जा दिला. मॅस्टोडॉन हे तिच्यावर चालणारे एक सॉफ्टवेअर. ते यूजेन रोचको यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केले. चित्रांसाठी पिक्सेलफेड, चलचित्रांसाठी पीअरट्यूब, चर्चांसाठी लेमी अशी इतरही आहेत. यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर कोणीही आपल्या यंत्रावर बसवू शकतो आणि इतरांना खाती देऊ शकतो. म्हणजेच आपले खाते जिथे असते तिथे आपण कोणाच्या तरी वास्तूत राहत असतो, आणि त्या वास्तूचे वीजबिल, झाडलोट आणि दारावरची राखण तीच व्यक्ती पाहत असते.

एका पोस्टचा प्रवास जरा जवळून पाहू. समजा, माझे आठशे फॉलोअर आहेत आणि ते दीडशे सर्व्हरवर पसरलेले आहेत. मी एक छायाचित्र टाकले आणि बटण दाबले. माझ्यासाठी काम तिथेच संपले. सर्व्हरवर मात्र त्या क्षणी दीडशे वेगवेगळी पाठवणीची कामे तयार होतात आणि साइडकिक नावाच्या रांगेत उभी राहतात. पलीकडचा एखादा सर्व्हर त्या वेळी बंद असेल तर त्याच्या वाट्याचे काम बाजूला ठेवून थोड्या वेळाने पुन्हा केले जाते, आणि तो उत्तर देईपर्यंत किंवा ठरलेले प्रयत्न संपेपर्यंत हे कितीतरी वेळा चालू राहते. ज्या सर्व्हरला पोस्ट मिळते तो बहुधा ते छायाचित्रही उतरवून घेतो आणि त्याची स्वतःची एक प्रत साठवतो, म्हणजे त्याच्या वापरकर्त्यांना ते लवकर दिसावे. छायाचित्र दोन एमबीचे असेल तर दीडशे ठिकाणी मिळून तीनशे एमबी जागा एका बटणाने व्यापली. प्रत्येक ॲडमिनला ही साठवण ठरावीक दिवसांनी रिकामी करावी लागते, कारण साठवणुकीचे बिल दरमहा येते आणि तिथल्या वापरकर्त्यांची संख्या वाढली नाही तरी ते वाढत राहते. लहान सर्व्हर चालवणाऱ्यांशी जेव्हा जेव्हा माझे बोलणे झाले तेव्हा त्यांच्या चिंतांमध्ये ही साठवण नेहमी वरच्या क्रमांकावर असायची.

यावरून कोणी छायाचित्रे टाकूच नयेत, असा अर्थ काढू नये. जाळे वापरण्यासाठीच आहे. पण एकाच प्रसंगाची वीस जवळजवळ सारखी छायाचित्रे टाकण्याआधी त्यांतली चार निवडावीत, लांबलचक चलचित्र पीअरट्यूबसारख्या त्यासाठीच बनवलेल्या ठिकाणी ठेवून त्याची लिंक द्यावी, आणि पोस्ट पाठवण्याआधी एकदा शांतपणे वाचावी, एवढे तर सहज करता येते. शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मला उशिरा कळले. पोस्टमध्ये दुरुस्ती केली की ती दुरुस्त आवृत्ती पुन्हा त्या सगळ्या सर्व्हरकडे जाते, आणि ज्यांनी ती पोस्ट बूस्ट केली होती, म्हणजे आपल्या फॉलोअरपर्यंत पुढे पाठवली होती, त्यांना तशी सूचनाही मिळते. एका वेलांटीसाठी पाच वेळा दुरुस्ती करणारी व्यक्ती नकळत हा सगळा प्रवास पाच वेळा घडवून आणते.

लिंकच्या बाबतीतही असेच आहे. पोस्टमध्ये लिंक असेल तर तिच्याखाली शीर्षक आणि चित्र असलेली छोटी चौकट दिसावी म्हणून प्रत्येक सर्व्हर स्वतंत्रपणे त्या संकेतस्थळाला भेट देतो. मॅस्टोडॉनमध्ये या भेटी साधारण एका मिनिटात विखुरल्या जाव्यात अशी सोय आहे, तरीही ज्याचे हजारो फॉलोअर आहेत त्याने एखाद्याच्या हौसेच्या लहानशा संकेतस्थळाची लिंक दिली तर त्या स्थळावर अचानक मोठी झुंबड उडते आणि क्वचित ते कोलमडतेही. मोठा श्रोतृवर्ग असलेल्यांनी अशा लहान स्थळाच्या मालकाला आधी कळवले तर त्याला निदान तयारी करता येते.

स्वयंचलित खात्यांबद्दल थोडक्यात सांगते. बॉट चालवायचा असेल तर तो आपल्या सर्व्हरच्या नियमांत बसतो का ते पाहावे, खात्याच्या सेटिंगमध्ये ते स्वयंचलित असल्याची खूण करावी, आणि त्याच्या पोस्ट स्थानिक टाइमलाइनवर, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या सार्वजनिक पोस्ट एकत्र दिसतात त्या पानावर, न येणाऱ्या प्रकारात टाकाव्यात. दर दहा मिनिटांनी हवामान सांगणाऱ्या खात्यामुळे पन्नास माणसांच्या सर्व्हरवरची स्थानिक टाइमलाइन एका दिवसात निरुपयोगी होते, हे मी पाहिले आहे. अनेक जण आपल्या खात्यावरच्या परिचयात ‘नोबॉट’ असा हॅशटॅग लिहितात. ज्याचा बॉट इतरांच्या पोस्ट गोळा करतो किंवा त्यांना उत्तरे देतो त्याने या विनंतीचा मान राखलाच पाहिजे.

आता एका अशा सवयीकडे वळते, जी सज्जन माणसांच्याही अंगवळणी पडलेली असते. कोणी एखादी छोटी चूक असलेली पोस्ट लिहितो आणि दहा जण तीच दुरुस्ती सुचवतात. उद्धटपणा करण्याचा त्यांपैकी बहुतेकांचा हेतू नसतो. खरे कारण रचनेत आहे. मूळ पोस्ट दुसऱ्या सर्व्हरवरची असेल तर तिच्याखालची सगळी उत्तरे माझ्या सर्व्हरपर्यंत आलेली असतीलच असे नसते. माझ्याकडे एकही उत्तर दिसत नसताना मूळ ठिकाणी चाळीस उत्तरे असू शकतात. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण सगळेच सर्व्हर नव्या आवृत्तीवर नसतात. म्हणून दुरुस्ती, सल्ला किंवा शंका लिहिण्यापूर्वी मूळ सर्व्हरवरचे पान उघडून पाहावे आणि तेच कोणी आधी लिहिले असेल तर थांबावे. ज्याच्यावर एका संध्याकाळी तेच वाक्य पस्तीस वेळा येऊन आदळते, त्याला प्रत्येक लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता हे कळून फारसा दिलासा मिळत नाही. कौतुकाचे मात्र उलट आहे. इथे पसंतीच्या चांदणीमुळे पोस्ट पुढे ढकलली जात नाही, कारण मॅस्टोडॉनच्या मुख्य टाइमलाइनवर पोस्ट काळाच्या क्रमाने येतात; आवडलेले इतरांपर्यंत पोहोचावे असे वाटत असेल तर ते बूस्टच करावे लागते. नव्या, लहान खात्यांसाठी एखाद्या अनोळखी व्यक्तीचा बूस्ट किती मोलाचा असतो, हे ज्याला तो कधी मिळाला आहे त्यालाच कळेल.

मॉडरेटर म्हणून काढलेल्या आठ महिन्यांबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हे काम बाहेरून दिसत नाही. तक्रार आली की माझ्यासमोर एक पान उघडायचे. त्यावर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे ते खाते, तक्रारीचा प्रकार, निवडून दिलेल्या पोस्ट आणि तक्रारदाराचा मजकूर, एवढेच असायचे. बऱ्याच तक्रारींमध्ये एकही पोस्ट निवडलेली नसायची आणि मजकुराच्या जागी ‘वाईट माणूस’ एवढेच लिहिलेले असायचे. मग मला त्या खात्याच्या शेकडो पोस्ट खाली-खाली जात वाचाव्या लागायच्या, आणि ज्याच्याविरुद्ध अशी तक्रार येते त्याच्या पोस्ट वाचणे हा सुखाचा अनुभव क्वचितच असतो. एकदा अशाच एका कोऱ्या तक्रारीमागे मी अख्खी संध्याकाळ घालवली आणि मला काहीच आक्षेपार्ह सापडले नाही; तक्रारदाराला विचारल्यावर कळले की, दोघांचा एका सॉफ्टवेअरच्या गुणदोषांवरून वाद झाला होता. त्याच संध्याकाळी एका तरुण मुलीला तीन खात्यांवरून पाळत ठेवून छळले जात असल्याची खरीखुरी तक्रार त्या रांगेत तिच्याखाली पडून होती. ती मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली. त्या मुलीची एक रात्र अशी गेली, हे मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा तक्रार करावी, आणि छळ, द्वेष किंवा फसवणूक दिसली तर अवश्य करावी, पण करताना दोन मिनिटे अधिक द्यावीत. ज्या पोस्टमुळे तक्रार करत आहात त्या निवडाव्यात. सर्व्हरच्या कोणत्या नियमाचा भंग झाला आहे ते एका वाक्यात लिहावे. मजकूर मॉडरेटरला न समजणाऱ्या भाषेत असेल, किंवा वरवर निरुपद्रवी दिसणारा शब्द एखाद्या समाजाविरुद्ध शिवी म्हणून वापरला जात असेल, तर तो अर्थ समजावून द्यावा. मराठीतली जातिवाचक हेटाळणी परदेशातल्या मॉडरेटरला केवळ भाषांतर यंत्राच्या आधारे कळणे शक्य नाही. समोरचे खाते दुसऱ्या सर्व्हरवरचे असेल तर तक्रार तिकडेही पाठवण्याचा पर्याय मिळतो. तुमचे नाव तिकडे जात नाही, मात्र तुम्ही लिहिलेला मजकूर जातो, हे लक्षात ठेवून लिहावे. एखादी व्यक्ती नुसती नकोशी वाटत असेल तर तिला म्यूट किंवा ब्लॉक करण्याचे साधन आपल्याच हातात आहे, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

कधीकधी ॲडमिन अख्ख्या दुसऱ्या सर्व्हरशी संबंध मर्यादित करतो किंवा पूर्ण तोडतो. आपले काही मित्र त्यामुळे दिसेनासे झाले तर वाईट वाटणारच, आणि कारण विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. पण तो प्रश्न खासगीत, सभ्य शब्दांत आणि कारण आधीच जाहीर झालेले नाही ना हे पाहून विचारावा. बरेच सर्व्हर आपल्या माहितीच्या पानावर अशा मर्यादांची यादी कारणांसह देतात. उत्तर पटले नाही तर इतर सर्व्हर आहेत. भर टाइमलाइनवर ॲडमिनला हुकूमशहा ठरवणारी मोहीम उघडल्याने निर्णय बदललेला मी एकदाही पाहिला नाही. त्या मोहिमेनंतर काम सोडून गेलेला एक मॉडरेटर मात्र पाहिला आहे.

खासगीपणाबद्दल भाबडेपणा नको. मॅस्टोडॉनवर ज्याला आपण खासगी संदेश म्हणतो ती प्रत्यक्षात केवळ उल्लेख केलेल्या व्यक्तींना दिसणारी पोस्ट असते. ती कुलूपबंद नसते, आणि दोन्ही बाजूंच्या सर्व्हरचे ॲडमिन तांत्रिकदृष्ट्या ती वाचू शकतात. तिच्यात एखाद्या तिसऱ्याच्या खात्याचा @ने सुरू होणारा पत्ता पूर्ण लिहिला तर तोही त्या संभाषणात ओढला जातो, त्यामुळे कोणाबद्दल बोलताना त्याचे नाव कसे लिहितो याकडे लक्ष हवे. खोडलेल्या पोस्टचेही तसेच आहे. खोडण्याची विनंती इतर सर्व्हरकडे जाते, पण प्रत्येक जण ती पाळेलच अशी खात्री देता येत नाही. म्हणूनच दुसऱ्याची पोस्ट उचलून अन्यत्र पसरवण्याआधी, विशेषतः ती त्याने मर्यादित लोकांसाठी लिहिलेली असेल तर, त्याला विचारणे हे इथे नुसत्या शिष्टाचारापलीकडचे आहे.

चित्रांना वर्णन लिहिण्याची प्रथा या जाळ्यावर इतर ठिकाणांपेक्षा खोलवर रुजली आहे आणि मला तिचा मनापासून अभिमान वाटतो. मॅस्टोडॉन त्यासाठी १,५०० अक्षरांची जागा देते, जी पोस्टच्या ५०० अक्षरांच्या नेहमीच्या मर्यादेच्या तिप्पट आहे. न पाहू शकणाऱ्या व्यक्तीला स्क्रीन रीडर ते वर्णन वाचून दाखवतो. एखाद्या सूचनेचे छायाचित्र टाकले तर त्यातला मजकूर तिथे पूर्ण उतरवावा, ‘सूचना’ एवढे लिहून भागत नाही. पोस्टची भाषा योग्य निवडणे हेही आपल्यासाठी तितकेच महत्त्वाचे आहे, कारण मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच असल्याने नुसत्या अक्षरांवरून भाषा ओळखता येत नाही, आणि मराठी पोस्टवर हिंदीची खूण राहिली तर स्क्रीन रीडर ती हिंदी उच्चारांत वाचू शकतो आणि भाषेनुसार पोस्ट निवडणाऱ्या वाचकाला ती दिसत नाही. आशयाची पूर्वसूचना देण्याची सोय कधी वापरावी यावर दुमत आहे; माझ्यापुरते मी हिंसा, आजारपण, मृत्यू आणि कथानकाचा उलगडा एवढ्यांसाठी ती आवर्जून वापरते, आणि दुसऱ्याने ती वापरली नाही म्हणून त्याला टोकत नाही.

पैशांचा विषय लोक टाळतात, म्हणून स्पष्ट लिहिते. यंत्राचे भाडे, साठवण, डोमेनचे नाव, ईमेल पाठवण्याची सेवा, प्रतींचा राखीव साठा या सगळ्यांचे बिल दरमहा किंवा दरवर्षी येते. अनेक सर्व्हर लिबरापे, पेट्रिऑन किंवा ओपन कलेक्टिव्हवरून वर्गणी घेतात आणि काही जण जमाखर्चही उघडपणे मांडतात. ज्याला परवडते त्याने लहान का होईना पण नियमित रक्कम द्यावी, कारण एकदाच आलेल्या मोठ्या देणगीपेक्षा दर महिन्याला येणाऱ्या छोट्या रकमेच्या भरवशावर ॲडमिनला पुढचा विचार करता येतो. ज्याला परवडत नाही त्याने अजिबात ओशाळू नये. नव्या माणसांच्या शंकांना उत्तरे देणे, सूचनांचे मराठीत भाषांतर करणे, सॉफ्टवेअरमधला दोष नीट पायऱ्या लिहून कळवणे, ही वर्गणीच आहे. सगळ्यांनीच सर्वांत मोठ्या सर्व्हरवर गर्दी न करता आपल्या आवडीचा एखादा लहान, नीट चालवलेला सर्व्हर निवडणे, यानेही भार वाटला जातो.

ज्या गृहस्थांना मी त्या रात्री जाब विचारला होता, त्यांनी पुढे दीड वर्षाने सर्व्हर बंद करत असल्याचे जाहीर केले. घरच्या जबाबदाऱ्या वाढल्या होत्या. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतल्या सर्व्हरना बंद होण्याआधी निदान तीन महिन्यांची सूचना देण्याचे वचन द्यावे लागते, आणि त्यांनी चार महिने दिले. दर आठवड्याला ते आठवण करून देत राहिले की, जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच फॉलोअर नव्या खात्याकडे नेता येतात, ज्यांना आपण फॉलो करतो त्यांची यादी उतरवून घ्यावी लागते, आणि लिहिलेल्या पोस्ट नव्या ठिकाणी येत नाहीत, म्हणून त्यांचा संग्रह मागवून जपून ठेवावा. तरीही शेवटच्या दोन दिवसांत शेकडो जणांनी एकाच वेळी संग्रह मागवले आणि रांग पुन्हा एकदा तुंबली. मी माझा संग्रह पहिल्याच आठवड्यात घेतला होता. शेवटच्या रात्री मी त्यांना लिहिले की, माझ्याकडून आता कोणतेही काम शिल्लक नाही, माझे खाते रिकामे झाले आहे, आणि नोव्हेंबरमधल्या त्या प्रश्नाबद्दल मला क्षमा करावी. त्यांना तो प्रश्न आठवत नव्हता. त्या महिन्यात तसे खूप जणांनी विचारले होते, असे त्यांनी कळवले.